लय, जागा आणि पट्टी : कीबोर्डवरील डिले व पिच-शिफ्टचे गणित

जालना जिल्ह्यातील सार्वजनिक संगीताचे बहुतेक प्रसंग उघड्यावरचे असतात. घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ या समर्थ रामदासांच्या जन्मगावची रामनवमी असो, भोकरदन तालुक्यातील राजूरच्या गणपतीची अंगारकी असो, अंबडच्या मत्स्योदरी देवीचे नवरात्र असो, की गावोगावचे हरिनाम सप्ताह, भीमजयंतीच्या मिरवणुका आणि लग्नाच्या वराती असोत, गाणे-बजावणे मंडपात, पारावर किंवा रस्त्यावर होते. अशा प्रसंगी पेटी, पखवाज, ढोलकी आणि टाळ यांच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, ऑक्टोपॅड, विजेवर वाजणारा बेंजो आणि इकोची सोय असलेला मिक्सर येऊन बसल्याला आता बराच काळ लोटला आहे. या उपकरणांवर मूळ आवाजात बदल घडवणारी जी बटणे असतात, त्यांना वादक ‘इफेक्ट’ म्हणतात, आणि त्यांपैकी डिले व पिच-शिफ्ट हे दोन इफेक्ट असे आहेत की ज्यांची जुळणी कानाच्या सवयीवर सोडली जाते, पण जी खरे तर मोजून करता येते. त्यासाठी गाण्याची लय, कार्यक्रमाची जागा आणि गायकाची पट्टी या तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात.

डिले म्हणजे काय

डिले म्हणजे वाजलेला आवाज साठवून ठरावीक काळाने पुन्हा ऐकवणे. त्याचे नियंत्रण तीन नॉबवर चालते. पहिला नॉब काळाचा असतो आणि मूळ आवाजानंतर किती मिलिसेकंदांनी प्रत ऐकू यावी हे तो ठरवतो, एक सेकंद म्हणजे १००० मिलिसेकंद. दुसऱ्या नॉबवर ‘रिपीट’ किंवा ‘फीडबॅक’ असे लिहिलेले असते आणि प्रत किती वेळा उमटावी हे त्यावर अवलंबून असते, कारण त्याद्वारे बाहेर पडलेल्या प्रतीचा काही अंश पुन्हा आत पाठवला जातो. माइक स्पीकरसमोर आल्यावर जी शिट्टी वाजते तिलाही फीडबॅकच म्हणतात, पण ती वेगळी गोष्ट आहे. तिसरा नॉब मिश्रणाचा असून मूळ आवाजाच्या तुलनेत प्रत किती मोठी असावी हे तो सांगतो. रिव्हर्ब हा इफेक्ट डिलेचाच नातेवाईक आहे, पण त्यात असंख्य प्रती इतक्या दाटीने येतात की त्या सुट्या न ऐकू येता आवाजाभोवती घुमारा तयार होतो, तर डिलेमध्ये प्रत्येक प्रत वेगळी ओळखू येते.

या यंत्रणेचा प्रवास चुंबकीय फितीपासून सुरू झाला. फितीवर एका डोक्याने आवाज नोंदवायचा आणि थोड्या अंतरावर बसवलेल्या दुसऱ्या डोक्याने तो वाचायचा, एवढीच ती युक्ती होती, आणि फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर या वेगाने सरकत असेल व दोन डोक्यांतील अंतर १.९ सेंटिमीटर असेल, तर प्रत बरोबर १०० मिलिसेकंदांनी ऐकू येत असे. जपानच्या रोलँड कंपनीचे १९७४ मधील ‘स्पेस इको’ हे यंत्र याच तत्त्वावर चालत होते. त्याआधी १९६९ मध्ये फिलिप्सच्या संशोधन प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी एक इलेक्ट्रॉनिक साखळी शोधली होती, जिच्यात आवाजाचा विद्युतभार एका धारित्रातून पुढच्या धारित्रात, आग विझवणाऱ्या माणसांच्या रांगेतून पाण्याची बादली हातोहात सरकावी तसा, सरकत जातो, आणि म्हणूनच तिचे नाव ‘बकेट ब्रिगेड’ पडले. पुढे आवाज अंकांच्या रूपात साठवण्याचे तंत्र आले. आज स्वस्त कॅराओके यंत्रांत आणि इकोच्या पाट्यांत सर्रास आढळणारी तैवानी बनावटीची ‘पीटी २३९९’ ही चिप याच तंत्राने चालते, आणि तिचा विलंब साधारण ३० ते ३४० मिलिसेकंदांच्या मर्यादेत ठेवता येतो. ही मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील हिशेबात ती आडवी येते.

लयीशी जुळवणी

डिलेचा काळ ठरवण्याचे सूत्र सोपे आहे. एका मिनिटात ६०,००० मिलिसेकंद असतात, म्हणून या संख्येला मिनिटाला पडणाऱ्या मात्रांनी भागले की एका मात्रेचा काळ मिळतो. मिनिटाला ८० मात्रांच्या संथ भजनी ठेक्यात एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, अर्धी ३७५ ची आणि पाव मात्रा सुमारे १८८ ची होते. मिनिटाला १२० मात्रांच्या केरव्यात एक मात्रा ५०० ची, अर्धी २५० ची आणि पाऊण मात्रा ३७५ ची होते. मिनिटाला १५० मात्रांच्या दादऱ्यात एक मात्रा ४०० ची आणि अर्धी २०० ची असते. डिलेचा काळ यांपैकी एखाद्या आकड्यावर ठेवला की प्रत ठेक्याच्या घरात पडते आणि वाजवणाऱ्याच्या मागे दुसरा वादक साथ करतो आहे असा भास होतो, पण तो काळ दोन घरांच्या मध्ये राहिला तर ढोलकीची थाप आणि कीबोर्डची प्रत एकमेकींना ढकलू लागतात, आणि ऐकणाऱ्याला वादकच लय सोडतो आहे असे वाटते.

पाऊण मात्रेच्या डिलेचा उपयोग वेगळा आहे. केरव्यात सरळ अर्ध्या-अर्ध्या मात्रेने वाजवलेल्या स्वरांची पहिली प्रत पाऊण मात्रेने आली, तर ती पुढच्या दोन स्वरांच्या बरोबर मध्यावर पडते, त्यामुळे वाजवलेल्या स्वरसंख्येच्या दुप्पट स्वर ऐकू येतात आणि साधी रचनाही भरीव वाटते. मात्र ३४० मिलिसेकंदांपर्यंतच जाऊ शकणाऱ्या चिपवर १२० च्या लयीतील ही ३७५ ची पाऊण मात्रा बसत नाही, आणि ८० च्या भजनी ठेक्यातील अर्धी मात्राही बसत नाही. अशा यंत्रावर ८० च्या ठेक्यासाठी १८८ ची पाव मात्रा किंवा तिस्र जातीच्या हिशेबाने मात्रेचा तिसरा भाग, म्हणजे २५० मिलिसेकंद, एवढेच पर्याय उरतात. काही कीबोर्ड आणि इफेक्टच्या पेटाऱ्यांवर ‘टॅप टेम्पो’ नावाचे बटण असते, त्यावर ठेक्याबरोबर चार-पाच वेळा बोट आपटले की यंत्र हाच भागाकार स्वतः करते. परंतु भजनात गजराकडे जाताना लय चढत जाते, आणि सुरुवातीला जुळवलेला आकडा तेव्हा उपयोगाचा राहत नाही, म्हणून लय वाढवताना बटण पुन्हा आपटावे लागते किंवा डिले बंद करावा लागतो.

रिपीटचा नॉब किती फिरवावा हेही मोजता येते. तो ५० टक्क्यांवर असताना प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीपेक्षा ६ डेसिबलने लहान होते, म्हणून ६० डेसिबलने खाली जाऊन ती जवळजवळ ऐकू येईनाशी होईपर्यंत १० प्रती उमटतात, आणि डिले ३७५ मिलिसेकंदांचा असेल तर हा शेपटा पावणेचार सेकंद चालतो. तोच नॉब ३० टक्क्यांवर असला तर सहाव्या प्रतीपर्यंत आवाज विरतो, आणि ७० टक्क्यांवर नेला तर एकोणीस-वीस प्रती होऊन शेपटा सात सेकंदांपेक्षा लांबतो, एवढ्या वेळात चाल पुढच्या स्वरावरच काय, पुढच्या ओळीवर गेलेली असते. नॉब १०० टक्क्यांवर नेल्यास प्रती विरतच नाहीत आणि नव्या आवाजाची भर पडत गेल्याने गोंगाट वाढत जातो. म्हणून चालत्या गाण्यात २० ते ३५ टक्के आणि अखेरच्या एकट्या स्वरासाठी त्याहून थोडे अधिक, असा बेत ठेवणे सुरक्षित असते.

जागेचा हिशेब

मंडपात आणखी एक डिले आधीच हजर असतो, आणि तो कोणत्याही नॉबवर नसतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर अंतर कापतो, म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. व्यासपीठापासून ६० मीटरवर खांबाला दुसरा भोंगा बांधलेला असेल आणि दोघांना एकाच तारेतून आवाज पोहोचत असेल, तर त्या खांबाजवळच्या श्रोत्याला भोंग्याचा आवाज आधी आणि व्यासपीठाचा सुमारे १७० मिलिसेकंदांनी नंतर ऐकू येतो. त्यावर मिक्सरचा इको सोडला की दोन वेगवेगळे डिले एकमेकांत मिसळतात आणि शब्द कळेनासे होतात. मागच्या रांगेतून ‘आवाज घुमतोय’ अशी तक्रार येते तेव्हा तिचे मूळ बहुधा या दुहेरी विलंबात असते.

या बाबतीत हेल्मुट हास या जर्मन संशोधकाचे निष्कर्ष उपयोगी पडतात. १९४९ मध्ये सादर केलेल्या आपल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की, दुसरा आवाज पहिल्यानंतर सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर कान दोघांना एकच मानतो आणि आवाज पहिल्याच्या दिशेने आला असे समजतो. बोलण्याच्या बाबतीत विलंब ५० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की प्रतिध्वनी सुटा जाणवू लागतो. यातून मोठ्या मंडपासाठी एक नियम निघतो. मागच्या स्पीकरला त्याच्या अंतराइतका, म्हणजे मीटरला ३ मिलिसेकंद या दराने, विलंब द्यावा आणि त्यात १० ते १५ मिलिसेकंदांची भर घालावी, म्हणजे श्रोत्याला आवाज व्यासपीठावरूनच येत असल्यासारखा वाटतो आणि तरीही तो स्पष्ट असतो. अशा प्रकारे, एरवी गाण्याला सजवणारे डिलेचे तंत्रच येथे गोंधळ मिटवण्याच्या कामी येते.

देवळाच्या दगडी सभामंडपात परिस्थिती उलट असते. तेथे भिंती आणि छत आवाज परतवतात, घुमारा आपोआप मिळतो आणि यंत्राच्या इकोची गरज जवळजवळ उरत नाही. उघड्या पटांगणात परतवणारे काही नसल्याने आवाज कोरडा वाटतो आणि थोडा रिव्हर्ब किंवा डिले शोभतो. रिकाम्या सभागृहात केलेली जुळणी सभागृह भरल्यावर फिकी पडते, कारण माणसे आणि त्यांचे कपडे विशेषतः वरच्या पट्टीतील ध्वनी शोषून घेतात. म्हणून जुळणी शेवटची तपासायची ती श्रोते बसल्यावर.

बोलणे आणि गाणे यांतील भेदही येथेच मांडणे योग्य. सावकाश बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून सेकंदाला चार-पाच अक्षरे बाहेर पडतात, म्हणजे एका अक्षराला २०० ते २५० मिलिसेकंद मिळतात, आणि मिक्सरचा इको नेमक्या याच आकड्यांच्या आसपास ठेवलेला असतो. परिणामी प्रत्येक अक्षराची प्रत पुढच्या अक्षरावर येऊन बसते. कीर्तनातील निरूपणाला, आणि सूत्रसंचालनालाही, म्हणूनच इको मारक ठरतो, तर गजरात शब्द तेच तेच असल्याने तो खपून जातो. निरूपण सुरू होताच इको बंद आणि गजराला चालू, एवढी शिस्त पायाने दाबण्याच्या एका बटणाने पाळता येते.

पट्टी बदलणे : दोन वेगळ्या वाटा

पिच-शिफ्ट म्हणजे आवाजाची उंची, अर्थात त्याची कंपनसंख्या, बदलणे. पेटीवर पट्ट्यांना काळी एक, पांढरी चार अशी नावे आहेत, आणि लगतच्या दोन पट्ट्यांत एका अर्धस्वराचे अंतर असते. सप्तकात असे १२ अर्धस्वर असून प्रत्येक पुढच्या अर्धस्वराची कंपनसंख्या मागच्याच्या सुमारे १.०५९५ पट असते, त्यामुळे १२ पायऱ्या चढल्यावर ती बरोबर दुप्पट होते. अर्धस्वराचेही १०० बारीक भाग मानले आहेत, त्यांना सेंट म्हणतात.

कीबोर्डवर ही उंची बदलण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिली वाट ट्रान्सपोजची. हे बटण दाबल्यावर कीबोर्ड आवाज वाजवून मग तो ताणत नाही, तर वादकाने जी पट्टी दाबली तिच्याऐवजी दुसऱ्या पट्टीचा स्वर सुरुवातीपासूनच तयार करतो, आणि म्हणून आवाजाचा पोत फारसा बिघडत नाही. पांढरी एकला सा धरून वाजवण्याची सवय असलेल्या वादकाला गायकाने काळी चार मागितली तर ट्रान्सपोज अधिक ८ किंवा उणे ४ केला की काम भागते. दुसरी वाट खऱ्या पिच-शिफ्टची. तिच्यात आधीच तयार झालेला आवाज, मग तो गायकाचा असो, बेंजोचा असो वा ध्वनिमुद्रित ट्रॅकचा, यंत्रात घेऊन त्याची उंची बदलली जाते.

हे काम वाटते तेवढे सोपे नव्हते. फितीचा वेग वाढवला की आवाज उंचावतो, पण गाणेही त्याच प्रमाणात लवकर संपते. काळ तोच ठेवून उंची बदलण्यासाठी आवाजाचे मिलिसेकंदांत मोजावेत इतके छोटे तुकडे पाडावे लागतात, प्रत्येक तुकडा बदललेल्या वेगाने वाचावा लागतो, आणि तुकड्यांच्या कडा एकमेकींवर चढवून सांधे बुजवावे लागतात. उंची चढवताना काही तुकडे दोनदा वाचले जातात, उतरवताना काही गाळले जातात. म्हणजे पिच-शिफ्टच्या पोटात डिलेच काम करत असतो, फक्त त्याचा काळ सतत बदलता असतो. १९७५ मध्ये बाजारात आलेला अमेरिकेच्या इव्हेंटाइड कंपनीचा ‘एच ९१० हार्मोनायझर’ हे अशा डिजिटल यंत्रांतले पहिले गाजलेले यंत्र होय. सांधे नीट न बुजल्यास आवाजात थरथर किंवा खडखड ऐकू येते, आणि ढोलकी-तबल्याच्या तुटक आघातांवर ती सर्वांत जास्त जाणवते.

गायकाच्या आवाजावर आणखी एक मर्यादा पडते. माणसाचा आवाज ओळखू येतो तो घसा आणि तोंडाच्या पोकळीत ठरावीक कंपनसंख्यांना मिळणाऱ्या उठावामुळे. साधे पिच-शिफ्ट स्वराबरोबर हे उठावही वर सरकवते, त्यामुळे तीन-चार अर्धस्वर चढवलेला आवाज लहान मुलासारखा आणि तेवढाच उतरवलेला आवाज घोगरा वाटतो. कॅराओके ट्रॅकची उंची दोन-तीन अर्धस्वरांपलीकडे न बदलण्याचा संकेत यातूनच आला आहे. काळी एकमध्ये मुद्रित झालेला पुरुष गायकाचा ट्रॅक काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेसाठी ७ अर्धस्वर चढवण्यापेक्षा ५ उतरवणे सोयीचे असते, पण तेवढ्या बदलातही पोत बिघडतोच, आणि अशा वेळी ट्रॅकऐवजी कीबोर्डवर प्रत्यक्ष साथ करून ट्रान्सपोज वापरणे केव्हाही चांगले.

राग, पेटी आणि ढोलकी

पिच-शिफ्टची बदललेली प्रत मूळ आवाजात मिसळली की एका वाद्यातून दोन वाद्ये वाजल्यासारखी वाटतात. ही जोडणी करताना रागाचा विचार न केल्यास काय होते, हे भूप रागावरून स्पष्ट होते. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर आहेत. यंत्र अधिक ४ अर्धस्वरांवर ठेवल्यास सा चा ग होतो तो ठीक, पण रे चा तीव्र मध्यम, ग चा कोमल धैवत, प चा शुद्ध निषाद आणि ध चा कोमल ऋषभ होतो, म्हणजे पाचांपैकी चार स्वर रागाबाहेर पडतात. अधिक ७, अर्थात पंचमाच्या अंतरावर ठेवल्यास सा, रे, प, ध यांच्या प्रती रागातच राहतात आणि फक्त गंधाराची प्रत निषादावर जाते. अधिक किंवा उणे १२ वर, म्हणजे पूर्ण सप्तकाच्या अंतरावर, कोणताच राग बिघडत नाही. अभंग आणि भावगीतांच्या साथीसाठी सप्तकाची जोड निर्धोक, पंचमाची जपून आणि तिसऱ्या स्वराची टाळावी, असा निष्कर्ष यातून निघतो.

अगदी अल्प प्रमाणातील पिच-शिफ्टचा उपयोग आवाज भरदार करण्यासाठी होतो. बेंजो हे याचे नैसर्गिक उदाहरण आहे. जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यापासून भारतात बुलबुलतरंग आले आणि त्याचेच विजेवर वाजणारे रूप महाराष्ट्रातील मिरवणुकांत बेंजो म्हणून ओळखले जाते. त्यात एकाच स्वराच्या एकाहून अधिक तारा एका पट्टीखाली दाबल्या जातात आणि त्या अगदी तंतोतंत जुळलेल्या नसल्यामुळे आवाजाला जाडी येते. कीबोर्डवर हाच परिणाम ५ ते १० सेंट सरकवलेली प्रत १५ ते २५ मिलिसेकंदांच्या डिलेने मिसळून मिळवता येतो. त्याहून जास्त सरकवल्यास वाद्य बेसूर वाटते.

डिले आणि पिच-शिफ्ट एकाच फेऱ्यात जोडले तर प्रत्येक पुन्हा उमटणारी प्रत आधीच्या प्रतीपेक्षा तेवढीच वर सरकते. सप्तकाच्या अंतराने २२० कंपनांचा स्वर ४४०, ८८० आणि १७६० असा चढत जातो, आणि नाटकाच्या पार्श्वसंगीतात त्याचा चांगला उपयोग होतो. एकेका अर्धस्वराने चढवल्यास मात्र दुसऱ्याच प्रतीपासून सूर भरकटतो.

सुरांच्या जुळणीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे कीबोर्ड आणि पेटी यांचा मेळ. कीबोर्डचा मूळ सूर बहुधा ४४० कंपनांच्या धैवताला धरून असतो, तर पेटीच्या पितळी सुऱ्या वापराने आणि वेळोवेळी घासल्याने थोड्या सरकलेल्या असतात. पेटीचा तो स्वर ४४२ कंपनांचा असेल तर फरक फक्त ८ सेंटचा आहे, पण दोन्ही एकत्र वाजवले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. कीबोर्डच्या मेनूतील ‘मास्टर ट्यून’ने हे हेलकावे थांबेपर्यंत सूर सरकवला की मेळ बसतो. ट्रान्सपोज मात्र मैफलीच्या मध्ये बदलणे धोक्याचे असते, कारण कीबोर्डची पट्टी एका बटणाने बदलते, पण ढोलकी, तबला आणि पखवाज यांचा सूर हातोडीने ठोकून किंवा वादी ओढूनच बदलावा लागतो.

जुळणीचा क्रम

या सर्व विवेचनातून कामाचा एक निश्चित क्रम हाती येतो. सर्व इफेक्ट बंद ठेवून प्रथम पेटी, कीबोर्ड आणि चर्मवाद्ये एका पट्टीत आणावीत, त्यानंतर कोरड्या आवाजात मागच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचतात का ते पाहावे, मग लागल्यास रिव्हर्ब द्यावा, आणि शेवटी ठेक्याच्या मात्रा मोजून डिले बसवावा. मिश्रणाचा नॉब शून्यापासून चढवत जावा आणि इफेक्ट वेगळा ऐकू येऊ लागला की किंचित मागे घ्यावा. भजनी मंडळाने आपल्या वहीत प्रत्येक रचनेपुढे पट्टी, मिनिटाच्या मात्रा आणि डिलेचे मिलिसेकंद टिपून ठेवले, तर पुढच्या कार्यक्रमात ही मेहनत वाचते.

इफेक्टने आवाज मोठा करण्याचा मोहही टाळला पाहिजे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडता, बंदी आहे. रिपीट आणि रिव्हर्ब वाढवल्याने एकूण आवाजाची पातळी चढते, पण स्पष्टता घटते, आणि मग स्पष्टतेसाठी आवाज आणखी वाढवला जातो. मागच्या रांगेतील श्रोत्याला शब्द कळत नसतील तर आवाज चढवण्याआधी इको कमी करावा, कारण बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होते.